वर्ध्याच्या चुलीवर परका दाणा : मगनवाडी, १९३५

मोरोक्कोतील घरांत रमजानच्या संध्याकाळी रोजा सोडताना बहुधा हरीरा नावाचे दाट सूप वाढले जाते. मसूर, हरभरा, कोथिंबीर, ऐपतीप्रमाणे थोडे मांस, दाटपणासाठी कालवलेले पीठ आणि भरपूर टोमॅटो. आजी करी, आई करी, म्हणून लेक करते, अशी त्याची ख्याती. तो घरी कसा करावा हे शिकवणारे प्रत्येक पुस्तक त्याला ‘पारंपरिक’ म्हणते. परंतु टोमॅटो हे अमेरिका खंडातील फळ. १४९२ मध्ये कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला, त्यापूर्वी मोरोक्कोतील कोणत्याही सुगरणीने ते पाहिलेले असणे शक्य नाही. हरीऱ्याचा तो प्रसिद्ध तांबूस रंग, म्हणजे, परंपरेच्या मानाने बराच अलीकडचा आहे.

महाराष्ट्राने यावर हसू नये. आषाढी एकादशीचे ताट समोर घ्यावे. साबुदाणा ज्या टॅपिओका कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला, हिरवी मिरची मेक्सिकोच्या बाजूची, राजगिराही अमेरिकेतून आलेला. ताटात अस्सल इकडची म्हणावी तर भगर. उपवासाला वर्ज्य ठरली ती आपल्या शेतातील ज्वारी, आणि चालला तो सातासमुद्रापलीकडचा कंद! विठ्ठलाने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

परका पदार्थ घरचा कसा होतो, हा इतिहासाचा फार मोठा आणि फार दुर्लक्षित प्रश्न आहे. दुर्लक्षित अशासाठी की हे स्थित्यंतर बहुतेक वेळा नोंद न ठेवता घडते. वऱ्हाडात पहिल्यांदा कोणी शेंगदाण्याची चटणी कुटली, याची बखर कोणी लिहिली नाही. वर्धा जिल्ह्यात मात्र एक प्रसंग असा आहे, की एक परके धान्य जाणीवपूर्वक, सर्वांच्या देखत, छापील नोंदींसह स्वयंपाकघरात आणले गेले. आणणारी व्यक्ती त्या काळी देशातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती होती. धान्य होते सोयाबीन, साल १९३५, स्थळ मगनवाडी. तेथे काय घडले आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्याला कोणते विलक्षण वळण लागले, त्याचा हा थ्रेड.

आधी गावाविषयी. नागपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १८६२ मध्ये वर्धा जिल्हा निर्माण झाला. काळी कसदार जमीन, तीत कापूस. हिंगणघाटचा कापूस तर त्या गावाच्याच नावाने इंग्लंडच्या बाजारात ओळखला जाई. कापसासोबत ज्वारी, तूर, जवस. येथले घरचे जेवणही याच पिकांनी ठरवलेले : ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, झुणका, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, भाजलेल्या वांग्याचे भरीत. तेल गावातल्या तेल्याच्या घाणीचे, बहुतकरून जवसाचे किंवा तिळाचे. पेंड गुरांना. या व्यवस्थेत शेत, घाणी, चूल आणि गोठा एकाच शिवारात होते. पुढचे सारे समजण्यासाठी ही साखळी लक्षात ठेवावी लागेल.

वर्ध्याच्या आश्रमपर्वाची सुरुवात गांधींपासून झाली असे अनेकांना वाटते. वस्तुतः विनोबा भावे येथे एप्रिल १९२१ मध्येच आले होते. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून साबरमती आश्रमाची शाखा त्यांनी चालवायला घेतली. बजाजांनी जुलै १९२८ मध्ये वर्ध्यातील आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले केले. दांडीयात्रेला निघताना साबरमती सोडलेले गांधी १९३३ च्या सप्टेंबरात वर्ध्याला आले. १४ डिसेंबर १९३४ रोजी येथेच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. संघासाठी बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला. गांधींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव पडले.

ग्रामोद्योग संघ म्हटले की चरखा डोळ्यांसमोर येतो. पण चरख्यासाठी वेगळा संघ आधीपासून होता. या नव्या संघाचे पहिले मोठे काम होते अन्न. हातसडीचा तांदूळ की गिरणीचा पॉलिश केलेला, जात्याचे पीठ की यंत्राचे, गूळ की साखर, घाणीचे तेल की गिरणीचे, हे त्याचे विषय. गिरणी आली की गावातील कांडणारी बाई, तेली आणि गुऱ्हाळवाला बेकार होतो, आणि वर तांदळातील कोंड्याबरोबर जीवनसत्त्वेही निघून जातात, अशी ही दुहेरी मांडणी होती. अर्थशास्त्र आणि पोषणशास्त्र येथे एकाच ताटात वाढलेले होते. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत बैलघाणीत सुधारणा केल्या. ती घाणी पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. गजानन नाईक यांनी शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचे काम हाती घेतले.

१९३५ च्या आरंभी गांधी मगनवाडीत राहायला आले आणि तेथील सामुदायिक स्वयंपाकघराची देखरेख त्यांनी स्वतःकडे घेतली. देशाच्या राजकारणात तो मोठ्या उलाढालींचा काळ होता. ऑगस्टमध्ये भारत सरकारचा नवा कायदा झाला. आणि मगनवाडीत हा माणूस पालेभाज्यांची पाने कच्ची खावीत की शिजवून, चिंचेचे पाणी किती घ्यावे, कडुनिंबाची चटणी कोणाच्या पानात किती वाढावी, याचा विचार करत होता. त्याची फलिते तो ‘हरिजन’ साप्ताहिकात छापत होता. त्या वर्षीच्या अंकांत हिरव्या पानांवर लेख आहेत, गाईच्या दुधावर आहेत, गुळावर आहेत.

सहकाऱ्यांना हे सारे रुचत असे, असे मुळीच नाही. कुमारप्पांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. गांधींनी आग्रहाने त्यांच्या पानात निंबाची चटणी वाढली. तेव्हा पंगतीत बसलेल्या सरदार पटेलांनी शेरा मारला, की बापूंनी सुरुवात बकरीच्या दुधापासून केली आणि आता ते बकरीच्या चाऱ्यावर आले आहेत. विनोद बाजूला ठेवला, तर या प्रयोगांमागे एक जुनी बोच होती. गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. १९१८ च्या गंभीर आजारानंतर शरीर सावरेना, तेव्हा बकरीचे दूध घेऊन त्यांनी व्रताचा शब्द पाळला; त्याचा आत्मा मात्र मोडला अशी खंत त्यांना आयुष्यभर राहिली. दुधाची जागा घेईल असे एखादे वनस्पतिजन्य अन्न सापडावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. शिवाय प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. ज्याला दूध परवडत नाही त्या खेडुताने प्रथिने कोठून मिळवायची?

या प्रश्नाला त्या काळी जगभर एक नवे उत्तर फिरत होते : सोयाबीन. सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल असलेला हा दाणा मूळचा चीनचा. भारताला तो अगदीच अनोळखी नव्हता. कुमाऊंच्या डोंगरात काळे ‘भट’ शिजत होते. मणिपुरात ‘हवाईजार’, नागा टेकड्यांत ‘अखुनी’ या नावांनी आंबवलेले सोयाबीन खाल्ले जात होते. पण दख्खन आणि मध्य प्रांताच्या स्वयंपाकघराला ते परकेच होते. पश्चिम भारतात त्याचा पुरस्कार केला तो वडोदे संस्थानाने. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात अन्नविषयक खाते सांभाळणारे एफ. एस. काळे यांनी १९३६ मध्ये सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लागवड आहे, आहारशास्त्र आहे आणि पाककृतींचा भलामोठा विभागही आहे. संस्थानी खात्याने एका कडधान्यावर ग्रंथ काढावा, ही गोष्ट आज कौतुकाची वाटते.

मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीन १९३५ च्या उत्तरार्धात आले आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिले जाऊ लागले. वाचकांनी माहिती विचारली, आपले अनुभव कळवले, बी कोठे मिळेल अशी पृच्छा केली. एका साप्ताहिकाने देशभरच्या वाचकांना एक नवा दाणा घरी शिजवून पाहायला सांगावे, असा तो प्रकार. आजच्या भाषेत सांगायचे, तर त्याला प्रसिद्धीची कमतरता नव्हती. त्याहून मोठा जाहिरातदार त्या काळच्या भारतात सापडला नसता.

आणि तरीही सोयाबीन वर्ध्याच्या घरांत शिरले नाही. कापूस वेचून आलेल्या बाईने संध्याकाळी तुरीचेच वरण लावले.

हे अपयश खेडुताच्या ‘अज्ञाना’वर ढकलणे सोपे आहे, आणि अनेकांनी ते ढकललेही. खरी कारणे चुलीजवळ सापडतात.

पहिले कारण शिजण्याचे. तुरीची डाळ शिजून एकजीव होते. सोयाबीन कितीही शिजवले तरी दाणा दाणाच राहतो, कारण त्यात पिष्ट जवळजवळ नाहीच. रात्रभर भिजवावे लागते, टरफल सुटवावे लागते, तासन्‌तास उकडावे लागते. प्रेशर कुकर गावात पोहोचायला अजून काही दशके होती. सरपण गोळा करायला कोण जाते आणि किती लांब, हा हिशेब ज्याने केला नाही त्याला हे कारण किरकोळ वाटेल.

दुसरे कारण आणखी गमतीचे, आणि धोक्याचेही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात. ओलसर उष्णतेने ते नष्ट होतात. अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते, की उंदरांना कच्चे सोयाबीन दिले तर ते वाढत नाहीत, शिजवून दिले तर वाढतात. म्हणजे अर्धवट शिजवलेले ‘पौष्टिक’ अन्न पोट बिघडवणार आणि फायदाही देणार नाही. त्यात दाणा दळताना किंवा वाटताना येणारा तो उग्र वास. एकदा पोट दुखले आणि घरात वास भरला, की दुसऱ्यांदा कोण रांधणार?

चीन आणि जपानमध्ये मग हा दाणा हजारो वर्षे कसा खाल्ला गेला? उत्तर असे, की तेथे तो दाणा म्हणून फारसा खाल्लाच गेला नाही. वाटून त्याचे दूध काढले, ते विरजवून तोफू केले. आंबवून मिसो आणि सोया सॉस केले. इंडोनेशियात बुरशी लावून तेंपे केले. त्या दाण्याचा सारा दुर्गुण काढून टाकणारे एक विस्तृत तंत्र तेथील घरांनी आणि कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले होते. वर्ध्याला बी पोहोचले, पोषणाचे आकडे पोहोचले. ते तंत्र मात्र पोहोचले नाही. हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येत सोयाबीन टिकले तेही कृतीसकटच : नागांनी ते आंबवले, कुमाऊंनी ते भाजून, भरडून, लोखंडी कढईत शिजवले.

जगाच्या इतिहासात याचा याहून भीषण दाखला मक्याचा आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून मगच वाटला जाई. युरोपने मका नेला, चुन्याचे पाणी मागे ठेवले. परिणामी अठराव्या शतकापासून उत्तर इटलीच्या मकाभक्षक शेतमजुरांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलपटे, बुद्धिभ्रंश होई, माणसे मरत. चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. मेक्सिकोच्या निरक्षर बायकांना नायसिन ठाऊक नव्हते. कृती ठाऊक होती.

आता पुन्हा मोरोक्को. तेथील पुदिन्याचा चहा आज त्या देशाची ओळख आहे. पाहुण्याला तो न देणे हा अपमान. पण चहाची पत्ती चीनची. अठराव्या शतकात ती सुलतानाच्या दरबारातील नवलाची वस्तू होती. सर्वसामान्यांत ती पसरली एकोणिसाव्या शतकात. १८५३ ते ५६ च्या क्रिमियन युद्धात बाल्टिक समुद्राकडील बाजार बंद झाले, तेव्हा ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपला माल टँजिअर आणि मोगादोर या मोरोक्कन बंदरांत उतरवला, असे बहुतेक इतिहासकार सांगतात. मग तो एवढ्या वेगाने घरचा कसा झाला? कारण पुदिना आणि इतर वनस्पतींचे काढे तेथे आधीपासून प्यायले जात होते. पाणी उकळत होतेच. त्यात पत्ती पडली. जुन्या कृतीत नवा जिन्नस बसला, एवढेच.

महाराष्ट्रातील शेंगदाण्याचेही तेच. तो आला, तेव्हा तीळ आणि जवस आधीच खलबत्त्यात होते. भाजणे, कुटणे, तिखट-मिठाची चटणी करणे, घाणीत घालून तेल काढणे, ही सगळी कामे त्याच्या आधीपासून चाललेली होती. शेंगदाण्याने कोणाकडून काही नवे शिकण्याची अपेक्षाच ठेवली नाही. त्याच्या दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल. तेल्याच्या घाणीने ते आनंदाने काढले. सोयाबीनमधले २० टक्के तेल मात्र बैलघाणीला परवडत नाही. बैल फिरतो, लाट फिरते, आणि पेंडीतच बरेचसे तेल राहून जाते. मगनवाडीने ज्या घाणीला आपल्या अर्थशास्त्राच्या केंद्रस्थानी ठेवले होते, तिला हा दाणा मुळातच मानवणारा नव्हता. ग्रामोद्योगाच्या अंगणात एक कारखान्याचे धान्य येऊन बसले होते. त्या वेळी ते कोणाला ठळकपणे जाणवले असेल असे दिसत नाही, कारण सर्वांचे लक्ष प्रथिनांच्या टक्केवारीवर होते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. मगनवाडीचे आणि नंतर सेवाग्रामचे स्वयंपाकघर हे घर नव्हते. ती सामुदायिक व्यवस्था होती. कामाच्या पाळ्या होत्या, पुरुषही भाजी चिरत, भांडी घासत. जातीची शिवाशीव तेथे मानली जात नसे, आणि त्या काळच्या वर्ध्यात ही लहान गोष्ट नव्हती. आश्रमातील प्रयोग फसला तर तो पुढच्या अंकाचा विषय होई. खेड्यातील घरात प्रयोग फसला, तर सासऱ्याचे ताट परत येई. रोजच्या जेवणात बदल करण्याची जोखीम ज्या बाईवर पडते, तिचा आवाज पोषणाच्या त्या सगळ्या चर्चेत जवळजवळ ऐकू येत नाही. गांधींच्या अन्नप्रयोगांवर पुष्कळ लिहिले गेले; ते रांधणाऱ्या हातांवर फार थोडे. ही उणीव केवळ त्यांची नाही, त्यांच्या चरित्रकारांचीही आहे.

शास्त्रानेही लवकरच उत्साह आवरला. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुलांच्या आहारात साय काढलेले दूध आणि सोयाबीन यांची पूरक म्हणून तुलना केली. दुधाचा लाभ स्पष्ट दिसला. सोयाबीनचा तसा दिसला नाही. गांधी स्वतः ३० एप्रिल १९३६ रोजी मगनवाडी सोडून शेगाव या खेड्यात राहायला गेले. वऱ्हाडातील दुसऱ्या शेगावशी होणारा टपालाचा घोळ टाळण्यासाठी १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथील पंगतीत उकडलेल्या भाज्या, भाकरी, दूध, गूळ राहिले. सोयाबीनचा अध्याय मिटला.

त्या चळवळीचे काहीच घरोघरी पोहोचले नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वर्ध्याहून परतणारा पाहुणा आजही हमखास एक वस्तू घेऊन निघतो : गोरस भांडारातला गोरसपाक. गोसेवेच्या कामातून गाईच्या दुधा-तुपाच्या विक्रीची जी व्यवस्था येथे उभी राहिली, तिचे हे खुसखुशीत फळ. गाईच्या तुपातली ती वडी नानकटाईची ओळख असलेल्या जिभेला काहीही नवे शिकवत नाही, आणि म्हणूनच ती टिकली असावी. आहारसुधारणेच्या एवढ्या गंभीर पर्वाची सर्वांत लोकप्रिय स्मृती एक बिस्किट असावी, यात इतिहासाचा थोडा खोडकरपणा आहे. गांधींना तिच्यातली साखर आवडली नसती, एवढे खात्रीने म्हणता येईल.

सोयाबीन परत आले ते वेगळ्या दाराने. १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या सोयाबीनच्या अमेरिकी वाणांच्या चाचण्या घेतल्या. माळव्यातील काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवण्याचा प्रघात होता. तेथे हे पीक चपखल बसले. मध्य प्रदेशात १९७० च्या दशकात ते पसरले आणि पाठोपाठ विदर्भात उतरले. १९९० नंतर तर वर्धा जिल्ह्याच्या खरिपाचे चित्रच पालटले. ज्वारीची शेते आटत गेली, जवस जवळजवळ दिसेनासा झाला, आणि कापूस, तूर, सोयाबीन ही त्रयी उरली.

या वेळी कोणी ‘हे खा’ असे सांगितले नाही. ‘हे विका’ असे सांगितले. मधल्या काळात दाण्यातून तेल काढण्याची रासायनिक पद्धत आली होती : हेक्झेन या द्रावकात तेल विरघळवायचे, मग द्रावक उडवून द्यायचा. बैलघाणीला जे साधले नाही ते कारखान्याने साधले. तेल रिफाइंड होऊन पिशवीत गेले, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी निर्यातीत. ज्या प्रथिनांसाठी १९३५ मध्ये एवढा खटाटोप झाला, ती वर्ध्याच्या शेतात मुबलक पिकू लागली आणि वर्ध्याच्या ताटाला वळसा घालून निघून गेली.

आरंभीची ती साखळी आता आठवावी : शेत, घाणी, चूल, गोठा. तिचा प्रत्येक दुवा तुटला. शेतकरी सोयाबीन बाजार समितीत घालतो आणि परतताना किराणा दुकानातून सोयाबीन तेलाची पिशवी घेतो. त्या पिशवीतील तेल अर्जेंटिना किंवा ब्राझीलहून आलेले असण्याची शक्यता पुष्कळ, कारण भारत तेथून ते मोठ्या प्रमाणात आयात करतो. भाव ठरतो तो शिकागोच्या वायदेबाजाराच्या आणि दिल्लीच्या आयातशुल्काच्या हालचालींवर. पिवळा मोझॅक आला किंवा काढणीच्या वेळी पाऊस लागला, तर पीक घरातही उपयोगी पडत नाही; ज्वारी भिजली तर निदान गुरांना कडबा उरत असे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या संकटाचे मूळ कापूस, कर्ज आणि सिंचनाच्या अभावात आहे; ते एकट्या सोयाबीनवर लादणे अन्यायाचे होईल. पण आपण पिकवतो ते आपण खात नाही, ही स्थिती त्या संकटाच्या आतच कोठेतरी बसलेली आहे. कुमारप्पांनी ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट’ हे पुस्तक १९३६ मध्ये, मगनवाडीतील प्रयोगानंतर लगेचच लिहिले, तेव्हा त्यांचा सारा भर याच दुराव्यावर होता.

तरीही गोष्ट एवढ्यावर थांबत नाही, कारण स्वयंपाकघर कोणाच्या सिद्धांताची वाट पाहत नाही. तेल काढून उरलेल्या सोयाच्या पिठापासून यंत्राने वड्या करण्याचे तंत्र १९८० च्या दशकात भारतीय बाजारात रुळले. या वड्या गरम पाण्यात फुगतात, स्पंजासारखा रस्सा शोषतात. विदर्भातील घराला त्यांचे काय करायचे हे कोणी शिकवावे लागले नाही. खोबरे-कांदा भाजून वाटलेला मसाला, वर तर्री, झणझणीत रस्सा, म्हणजे मटणाची जी कृती घरात होती तिच्यातच त्या वड्या पडल्या. ज्या घरात मटण होत नाही त्या घरानेही ती कृती उसनी घेतली. मोरोक्कोच्या चहाने जो मार्ग घेतला तोच : पाणी आधीपासून उकळत होते.

दुसरी वाट याहून शांत आहे, आणि मगनवाडीच्या हेतूला अधिक जवळची. वर्धा आणि आसपासच्या तालुक्यांत अनेक घरे घरचेच मूठभर सोयाबीन बाजूला काढतात. ते भिजवून किंवा उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, खरपूस भाजतात. टरफल पाखडून जाते, उग्र वास जातो, पोटाला बाधणारे घटकही निष्प्रभ होतात. मग दहा भाग गव्हाला एक भाग, या बेताने ते गिरणीत दळायला जाते. चपातीच्या चवीत फरक कळत नाही. ज्वारीच्या पिठात मात्र ते घालू नये, भाकर थापताना तुटते, असे जाणत्या बायका सांगतात.